एक्स्ट्राचा भार चित्रावर पडतो का? ब्लू-रे डिस्कचा पन्हा मोजायची रीत

दिवाळीत भाची पुण्याहून आली ती सेकंडहँड ब्लू-रे प्लेअर पिशवीत घालूनच. सोबत चार डिस्क. फराळाचं ताट तसंच ठेवून तिनं आमच्या जुळे सोलापूरच्या घरातल्या टीव्हीला वायर जोडली. मेनू पडद्यावर आल्यावर म्हणाली, "मामा, ज्या डिस्कवर मेकिंग, कॉमेंट्री, कोपऱ्यातला छोटा व्हिडिओ असलं सगळं भरलेलं असतं, तिच्यावरचा मेन पिक्चर मार खातो म्हणतात. खरं आहे का?"

खरं आहे, पण अर्धंच. काही एक्स्ट्रा, म्हणजे डिस्कवर चित्रपटाशिवाय भरलेला जादा माल, चित्राला खरोखर धक्का लावतात, काहींचा चित्राशी संबंधही येत नाही, आणि दोन्हींची नावं मेनूत एकाखाली एक असल्यामुळे नवख्या माणसाला फरक कळत नाही. तो फरक स्वतः ओळखून आकड्यांत कसा मांडायचा, ते इथं पायरीपायरीनं लिहितो. भाचीला जेवढं गणित लागलं तेवढंच तुम्हालाही लागेल: गुणाकार आणि भागाकार.

पायरी १: सूत, लांबी आणि पन्हा वेगवेगळे धरा

माझे वडील पूर्व भागात यंत्रमागावर टॉवेल विणायचे. शाळा सुटली की मी तिथं कांड्या भरायला जायचो, त्यामुळे डिस्कचा हिशेब मला मागाच्या भाषेतच लवकर कळतो. मागावर तीन गोष्टी बघतात. गोदामात सूत किती आहे, कापड किती लांब विणायचं आहे आणि पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, किती ठेवायची. वीण तीच ठेवली तर यातल्या दोन ठरल्या की तिसरी आपोआप ठरते. पण मागाला स्वतःची रुंदी असते. गोदाम सुतानं भरलेलं असलं तरी त्या रुंदीपलीकडे पन्हा जात नाही.

डिस्कवर सूत म्हणजे साठवण. ती जीबीत मोजतात. कापडाची लांबी म्हणजे चित्रपटाचा वेळ. पन्हा म्हणजे दर सेकंदाला डिस्कवरून किती डेटा वाचला जातो तो दर, म्हणजेच बिटरेट. तो मेगाबिटमध्ये मोजतात. आणि मागाची रुंदी म्हणजे त्या दराची कमाल मर्यादा. बँडविड्थ म्हणतात ती हीच.

आता एक्स्ट्राकडे बघा. उरलेल्या सुतातून वेगळा नॅपकिन विणला तर टॉवेलच्या पन्ह्याला काही होत नाही, फक्त सूत खर्ची पडतं. पण टॉवेललाच जादा काठ घातला तर तो काठ त्याच पन्ह्यातली जागा घेतो, आणि मधलं अंग तेवढं अरुंद होतं. एक्स्ट्रा या दोनच जातींचे असतात: नॅपकिन आणि काठ. पुढचं सगळं याच फरकावर उभं आहे.

जीबीतला बी बाइटचा असतो आणि मेगाबिटमधला बिटचा, हेही आत्ताच लक्षात ठेवा. एका बाइटात ८ बिट. दोन्ही एकच समजले की पुढचा प्रत्येक हिशेब आठ पटींनी चुकतो, आणि सुरुवातीला जवळपास सगळेच इथं अडखळतात.

पायरी २: मागाची रुंदी माहीत करून घ्या

साध्या डीव्हीडीवर चित्र, आवाज आणि सबटायटल मिळून दर १०.०८ मेगाबिटच्या वर जाऊ शकत नाही. त्यातही एकट्या चित्राला ९.८ची मर्यादा.

२००६ साली हाय-डेफिनिशनच्या दोन डिस्क एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. एचडी डीव्हीडीच्या एका थरात १५ जीबी, दोन थरांत ३० जीबी मावत, आणि सगळं मिळून दराची मर्यादा ३०.२४ मेगाबिट होती. ब्लू-रेच्या एका थरात २५ आणि दोन थरांत ५० जीबी मावतात. चित्रपटाच्या ब्लू-रेसाठी प्लेअरचं लेझर ५४ मेगाबिट या वेगानं वाचतं. त्यातले ४८ चित्र-आवाजाच्या एकत्र प्रवाहाला मिळतात, आणि मुख्य चित्र एकटं ४०च्या वर जाऊ शकत नाही. फेब्रुवारी २००८मध्ये तोशिबानं एचडी डीव्हीडी थांबवली. तरी तिचा आकडा इथं दिला, कारण तोच एक्स्ट्रा अरुंद मागावर किती जड पडतो हे त्यावरून दिसतं.

४के ब्लू-रेचा माग बराच रुंद आहे. तिथं १०० जीबीच्या डिस्कवर दर १२८ मेगाबिटपर्यंत जातो. या लेखात मात्र साध्या, १०८० ओळींच्या ब्लू-रेबद्दलच बोलू. सेकंडहँड बाजारात सध्या त्याच जास्त मिळतात.

४८, ४० आणि ५० हे तीन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

पायरी ३: सूत पुरतंय का ते बघा

सूत्र साधं आहे. जीबीला ८००० नं गुणायचं आणि चित्रपट जेवढे सेकंद चालतो त्यानं भागायचं. उत्तर येतं सरासरी मेगाबिटमध्ये.

दोन तासांचा चित्रपट घ्या, म्हणजे ७२०० सेकंद. ५० जीबीची अख्खी डिस्क त्याला दिली तर ५० गुणिले ८००० भागिले ७२००, म्हणजे ५५ मेगाबिटच्या वर. पण मर्यादा तर ४८ची. म्हणजे दोन तासांचा चित्रपट सगळी डिस्क वापरूच शकत नाही. पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत कमाल दरानं चालवला तरी तो सुमारे ४४ जीबीत संपतो. सूत उरतं, माग अपुरा पडतो. या उरलेल्या जागेत मेकिंग, काढून टाकलेले प्रसंग, ट्रेलर ठेवले तर चित्रपटाचं काहीही जात नाही.

आता तीन तासांचा चित्रपट घ्या. आपल्याकडे त्यांची वानवा नाही. १०,८०० सेकंद. ५० जीबी पूर्ण दिली तर सरासरी ३७ मेगाबिट येते. इथं सूत आणि माग जवळजवळ बरोबरीला आले. आता १० जीबीचं मेकिंग त्याच डिस्कवर टाकलं की सरासरी तिशीच्या खाली उतरते. हा परिणाम खरा आहे, पण तो बँडविड्थमुळे झालेला नाही, जागेमुळे झाला आहे.

खरी ओढाताण एका थराच्या २५ जीबीच्या डिस्कवर होते. अडीच तासांचा चित्रपट असेल तर सगळी डिस्क देऊनही सरासरी २२ मेगाबिट पडते. त्यात ६ जीबीचे एक्स्ट्रा घातले की १७च्या आत. "एक्स्ट्रा असलेल्या डिस्कचं चित्र मार खातं" ही समजूत अशाच डिस्कवरून आली असावी असं मला वाटतं, आणि अशा डिस्कपुरती ती बरोबरच आहे.

पायरी ४: एक्स्ट्रांची वाटणी करा

मेनू उघडा आणि प्रत्येक एक्स्ट्राला एकच प्रश्न विचारा: हा चित्रपट चालू असताना सोबत चालतो, की चित्रपट बंद करून बघावा लागतो?

बंद करून बघावा लागतो तो नॅपकिन. मेकिंग, मुलाखती, ट्रेलर, छायाचित्रं, काढून टाकलेले प्रसंग. यांनी फक्त जागा घेतली. जुन्या डीव्हीडीवरूनच उचललेलं, कमी रेझोल्यूशनचं मेकिंग ५ मेगाबिटच्या आसपास असेल तर ४० मिनिटांना दीड जीबी पुरतो. तेच हाय-डेफिनिशनमध्ये २० मेगाबिटनं केलं तर एका तासाला ९ जीबी लागतात. म्हणून पाठीमागच्या कव्हरवर एक्स्ट्राचे तास लिहिलेले असले तरी तेवढ्यावर जाऊ नका. ते कुठल्या रेझोल्यूशनमध्ये आहेत ते आधी बघा.

सोबत चालतो तो काठ. सगळ्यात पातळ काठ म्हणजे दिग्दर्शकाची कॉमेंट्री. दोन चॅनेलची, १९२ किलोबिटची कॉमेंट्री म्हणजे एका मेगाबिटचा पाचवा हिस्सासुद्धा नाही. तिच्यामुळे चित्र खराब झालं असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. सबटायटलही हलकीच असतात.

आवाजाचे ट्रॅक मात्र एकत्र आले की वजनदार होतात. इथली एक गोष्ट नवख्यांना हमखास चकवते. तुम्ही हिंदी ऐकत असाल तरी इंग्रजी, तमिळ, तेलुगू हे सगळे ट्रॅक त्याच वेळी डिस्कवरून वाचले जात असतात. चित्र आणि सगळे आवाज बारीक तुकडे करून एकाच प्रवाहात मिसळलेले असतात. लेझर सगळेच तुकडे उचलतं, प्लेअर हवे ते ठेवतो आणि बाकीचे टाकून देतो. म्हणजे न ऐकलेला ट्रॅकही पन्ह्यात जागा घेतोच.

बेरीज करून बघा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, सहा चॅनेलचा अजिबात न दाबलेला पीसीएम ट्रॅक म्हणजे ६.९ मेगाबिट. ६४० किलोबिटचे डॉल्बी डिजिटलचे पाच डब ट्रॅक म्हणजे ३.२. वर कॉमेंट्री. झाले दहाच्या पुढे. ४८मधून हे वजा केले की चित्राला ३८च्याही आत राहतात. कागदावर ४०ची परवानगी असली तरी ४० उरतातच कुठे?

कोपऱ्यातल्या व्हिडिओचं प्रकरण

याला थोडा जास्त वेळ देतो, कारण मूळ प्रश्न इथंच आहे.

चित्रपट चालू आहे आणि पडद्याच्या एका कोपऱ्यात छोट्या चौकटीत दिग्दर्शक तोच प्रसंग कसा चित्रित केला ते सांगतो आहे. याला पिक्चर-इन-पिक्चर म्हणतात. डिस्कच्या कव्हरवर त्याचं नाव बोनस व्ह्यू असतं. हे चालायला प्लेअरमध्ये दुसरा व्हिडिओ डिकोडर, म्हणजे दाबून साठवलेलं चित्र उलगडणारा भाग, लागतो. एचडी डीव्हीडीच्या प्लेअरमध्ये तो सुरुवातीपासूनच सक्तीचा होता. ब्लू-रेच्या पहिल्या प्लेअरांना मात्र त्यातून सूट होती. १ नोव्हेंबर २००७ नंतर बाजारात आलेल्या नव्या मॉडेलांना तो बंधनकारक झाला. याला प्रोफाइल १.१ म्हणतात, आणि त्यात किमान २५६ एमबीची आतली साठवणही लागते. इंटरनेटवाल्या बीडी-लाइव्हसाठी प्रोफाइल २.० आणि किमान १ जीबी.

दुसरा डिकोडर नसलेल्या प्लेअरांवरही ही चौकट दाखवता यावी म्हणून सुरुवातीच्या काही डिस्कवर सगळा चित्रपटच दोनदा ठेवलेला असे. एक साधा, एक कोपऱ्यातली चौकट चित्रातच भाजून टाकलेला. यात बँडविड्थला धक्का नाही, पण जागेची वाट लागते. दोन तासांच्या दोन प्रती ५० जीबीत बसवायच्या तर प्रत्येकीला सरासरी २७-२८ मेगाबिटच मिळतात, आणि बाकीचे एक्स्ट्रा धरले तर त्याहूनही कमी.

दुसरा डिकोडर आल्यावर दोन वाटा उघडल्या.

पहिल्या वाटेनं छोटा व्हिडिओ मुख्य चित्रपटाच्या प्रवाहातच मिसळतात. हा अस्सल काठ. समजा त्याला २ मेगाबिट दिले. चौकट चालू करा किंवा करू नका, ते २ मेगाबिट वाचले जाणारच. ४८च्या मागावर हे ४ टक्के होतात. तेच एचडी डीव्हीडीच्या ३०.२४वर साडेसहा टक्क्यांच्या वर जात. काठ तोच, पण अरुंद पन्ह्यात जास्त जागा खाणारा.

दुसऱ्या वाटेनं छोटा व्हिडिओ वेगळ्या फाइलीत राहतो, आणि प्लेअर दोन्ही फाइली एकाच वेळी चालवतो. ती फाइल प्लेअरच्या आतल्या साठवणीत उतरवलेली असेल तर डिस्कवरचा भार शून्य. डिस्कवरच असेल तर लेझरला इकडून तिकडे जावं लागतं, आणि तेवढ्या वेळात चित्र थांबू नये म्हणून बफरमध्ये, म्हणजे प्लेअरच्या तात्पुरत्या साठवणीत, पुरेसा डेटा आधीच भरून ठेवावा लागतो.

आता हे दोन-तीन मेगाबिट चित्रात दिसतात का? बहुतेक वेळा नाही. चित्रपटाचा दर सरळ रेषेत चालत नाही. दोन माणसं खोलीत बसून बोलतायत तिथं २० मेगाबिटही पुष्कळ होतात. अडचण येते ती शिखरावर. आपल्या सिद्धेश्वर यात्रेतलं शोभेचं दारूकाम डोळ्यांपुढे आणा: काळं आकाश, त्यात हजार ठिणग्या, प्रत्येक ठिणगी वेगळ्या दिशेला, खाली धूर, हलणारी गर्दी. एका फ्रेमवरून पुढच्या फ्रेमचा अंदाज बांधायला एन्कोडरच्या, म्हणजे चित्र दाबून डिस्कजोगं करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, हाती काहीच लागत नाही. धो धो पाऊस, गुलाल, धुळीचे लोट, जुन्या फिल्मचा दाणा, यांचंही तसंच. अशा दहा-पंधरा सेकंदांत चित्राला ४० मेगाबिट हवे असतात. आवाजाचे दहा, कोपऱ्यातल्या व्हिडिओचे दोन आणि त्याचा आवाज मिळून साडेबारा आधीच वाटले गेले असतील तर तिथं चित्राला साडेपस्तीसच मिळतात. सरासरी जशीच्या तशी राहते, शिखर तेवढं छाटलं जातं. म्हणून काठाच्या एक्स्ट्राचा परिणाम शोधायचा तर अशाच प्रसंगांत शोधा. धुरात चौकोनी ठोकळे, काळ्या आकाशात पायऱ्यापायऱ्यांचे पट्टे.

इथं एन्कोड करणाऱ्याच्या हाताचंही मोल आहे. एमपीईजी-२ हा जुना कोडेक, म्हणजे चित्र दाबायची जुनी पद्धत, त्याच दरात एव्हीसी या नव्या पद्धतीपेक्षा कमी तपशील राखतो. सुरुवातीच्या बऱ्याच ब्लू-रे एका थराच्या आणि एमपीईजी-२वर केलेल्या होत्या. त्यांची चित्रं खराब दिसली तर दोष आधी तिथं बघा, कॉमेंट्रीवर ढकलू नका.

एक जात अजून उरली: एकाच डिस्कवर मूळ आणि लांबवलेली अशा दोन आवृत्त्या. इथं सामाईक प्रसंग एकदाच ठेवतात, जादाचे प्रसंग वेगळे ठेवतात, आणि प्लेलिस्ट, म्हणजे कुठला तुकडा कधी चालवायचा त्याची यादी, सांगेल तसं लेझर उड्या मारतं. जागा भरपूर वाचते. मात्र उडी मारायच्या वेळी डिस्कवरून काहीच येत नसतं, चित्र बफरवर जगतं, म्हणून सांध्याच्या आसपास दर आवरता ठेवावा लागतो.

पायरी ५: आता स्वतः मोजा

प्लेअरच्या रिमोटवर डिस्प्ले किंवा इन्फोचं बटण बघा. काही प्लेअर चालू दर पडद्यावर दाखवतात. प्लेस्टेशन ३ असेल तर ब्लू-रे चालू असताना कंट्रोलरचं सिलेक्ट बटण दाबा. चित्राचा आणि आवाजाचा दर हलत्या आकड्यांत दिसतो. हे यंत्र आधी प्रोफाइल १.०चं होतं. सॉफ्टवेअर अपडेटनं त्याला डिसेंबर २००७मध्ये १.१ आणि मार्च २००८मध्ये २.० मिळालं. शिकायला याच्याइतकं सोयीचं यंत्र मला दुसरं भेटलेलं नाही.

आकडे बघताना एक शांत प्रसंग आणि एक धामधुमीचा प्रसंग निवडा. दोन्हींचे दर वहीत लिहा. मग कोपऱ्यातला व्हिडिओ चालू करून तेच प्रसंग पुन्हा बघा. मुख्य चित्राचा आकडा तोच आला तर नवल वाटू देऊ नका, चित्र एन्कोड होतानाच तो ठरून गेलेला असतो.

संगणकाला ब्लू-रे ड्राइव्ह असेल तर याहून चांगली रीत आहे. साधा डीव्हीडी ड्राइव्ह चालणार नाही. डिस्क उघडा, बीडीएमव्ही नावाच्या फोल्डरात जा, त्यात स्ट्रीम नावाचं फोल्डर असतं. आत पाच आकडी नावांच्या फाइली दिसतील. डिस्कला कुलूप असल्यामुळे त्या उघडून चालवता येणार नाहीत, पण नाव आणि आकार दिसतो. आपल्याला तेवढाच हवा आहे. फाइलवर उजवं क्लिक करून गुणधर्म बघा आणि जीबीचा आकडा सोडून बाइटचा पूर्ण आकडा उतरवून घ्या. विंडोज जीबी वेगळ्या रीतीनं मोजतं, त्यामुळे ५० जीबीची डिस्क तिथं ४६.६ दिसते आणि माणूस उगाच बुचकळ्यात पडतो. एक अब्ज बाइट म्हणजे १ जीबी धरा.

भाचीच्या दुसऱ्या डिस्कवर आम्ही हेच केलं. सगळ्यात मोठी फाइल २७.३ जीबी. चित्रपट १ तास ५२ मिनिटांचा, म्हणजे ६७२० सेकंद. २७.३ गुणिले ८००० भागिले ६७२०, उत्तर ३२.५. या फाइलींत दर पाकिटामागे थोडा जादा मजकूर असतो, त्यासाठी दोन टक्के कमी करायचे. म्हणजे चित्र आणि सगळे आवाज मिळून सरासरी ३२ मेगाबिट. पाऊण तासाचं मेकिंग ४.१ जीबीचं निघालं, दर साधारण १२. सगळे एक्स्ट्रा मिळून ९ जीबीच्या थोडे वर. एकूण बेरीज साडेछत्तीस.

ती बेरजेकडे बघतच राहिली. "मामा, मग साडेतेरा जीबी तर रिकामेच आहेत!"

तेच तर. या डिस्कवर मेकिंगनं चित्रपटाचं काहीच घेतलेलं नाही. ते रिकामे साडेतेरा जीबी सगळे चित्रपटाला दिले असते तर सरासरीच ४८च्या मर्यादेला जाऊन टेकली असती. एन्कोड करणाऱ्यानं ३२वर थांबायचं ठरवलं ते त्याला चित्र तेवढ्यात नीट बसलं म्हणून.

लांबवलेल्या आवृत्तीच्या डिस्कवर मुख्य चित्रपट एका फाइलीत सापडणार नाही, पाच-पन्नास तुकड्यांत असेल. तिथं तुकड्यांची बेरीज करा. प्लेलिस्टच्या फोल्डरात शंभर-दोनशे नावं दिसली तरी घाबरू नका, त्या नुसत्या चिठ्ठ्या असतात. डेटा सगळा स्ट्रीममध्येच असतो.

पायरी ६: विकत घेताना

कव्हरची मागची बाजू वाचा. ५० जीबी की २५ जीबी, बोनस व्ह्यू आहे का, आवाजाचे ट्रॅक किती. दोन डिस्कचा संच असेल आणि एक्स्ट्रा दुसऱ्या डिस्कवर असतील तर बिनधास्त घ्या. ४के संचात बहुधा असंच करतात. मोठ्या डिस्कवर चित्रपट, आणि एक्स्ट्रा सोबतच्या साध्या ब्लू-रेवर. अडीच-तीन तासांचा चित्रपट एका थराच्या डिस्कवर भरपूर एक्स्ट्रांसह असेल तर मात्र दुसरी आवृत्ती मिळते का ते शोधा.

बाहेरून मागवताना रीजन, म्हणजे डिस्क कुठल्या देशांतल्या प्लेअरवर चालते तो विभाग, बघा. भारत सी विभागात येतो. बऱ्याच डिस्कना रीजनचं बंधन नसतं, ४केला तर नाहीच. बीडी-लाइव्हचं नाव बघून जादा पैसे देऊ नका, बऱ्याच कंपन्यांनी त्यामागचे सर्व्हर बंद केले आहेत. आणि डिस्क घेऊन आलात की गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, बंद गाडीत तर त्याहून किती तरी जास्त. वाकलेली डिस्क वाचताना लेझर वारंवार चुकतं, बफर रिता होतो आणि चित्र अडखळतं. अशा वेळी माणूस बिटरेटला दोष देतो.

पायरी ७: कोपऱ्यातून आवाज येत नसेल तर

तिसऱ्या डिस्कवर बोनस व्ह्यू होतं. भाचीनं ते चालू केलं. कोपऱ्यात चौकट आली, दिग्दर्शकाचे ओठ हलताना दिसले, पण आवाज फक्त चित्रपटाचा. तिला वाटलं डिस्क खराब आहे. मीही पहिल्यांदा असंच समजून एक चांगली डिस्क परत द्यायला निघालो होतो.

कारण असं. कोपऱ्यातल्या व्हिडिओचा आवाज हा वेगळा, दुय्यम ट्रॅक असतो, आणि तो मुख्य आवाजात मिसळायचं काम प्लेअरला करावं लागतं. त्यासाठी प्लेअरनं मुख्य आवाज आधी उलगडायला हवा. पण अनेक घरांत प्लेअरला सांगून ठेवलेलं असतं की ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी या वरच्या दर्जाच्या आवाजाचा ट्रॅक हात न लावता तसाच पुढे रिसीव्हरकडे, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या यंत्राकडे, पाठव. मग मिसळणार कोण? दुय्यम आवाज वाटेतच गळतो.

प्लेअरच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये जा. कुठं त्याला सेकंडरी ऑडिओ म्हणतात, कुठं बीडी ऑडिओ मिक्स. ते चालू करा. यात एक देवाणघेवाण आहे: हे चालू असताना रिसीव्हरकडे बऱ्याचदा मूळ ट्रूएचडी न जाता साधा डॉल्बी किंवा डीटीएस जातो. म्हणून चित्रपट मनापासून बघायचा तेव्हा बंद ठेवा, एक्स्ट्रा बघायचे तेव्हा चालू करा.

आम्ही सेटिंग बदललं आणि तोच प्रसंग पुन्हा लावला. मुख्य आवाज जरा खाली गेला आणि कोपऱ्यातला माणूस बोलायला लागला. पावसाचा तो प्रसंग चित्रित करायला पाण्याचे टँकर कुठं उभे केले होते ते सांगत होता. भाचीनं रिमोट खाली ठेवला, मघाशी बाजूला सारलेलं फराळाचं ताट पुढं ओढलं आणि मला म्हणाली, "मामा, आता थोडा वेळ आकडे नकोत, ऐकू दे."